व्यंकटरावांचं संतापलेलं गिऱ्हाईक

आमच्या वरच्या मजल्यावरचे व्यंकटराव दार वाजवतात. मी दार उघडतो. माझ्या तोंडासमोर, हातभर अंतरावर उभं राहून ते म्हणतात, "नमस्कार, मी व्यंकटराव बोलतोय. आपण दोन मिनिटं मोकळे आहात का?"

आता व्यंकटरावच हायत हे मला दिसून राहिलं. बोलून राहिलेत हेबी दिसतंय. मग विचारायचं कामून? पहिल्यांदा मी गोंधळलो आणि म्हणालो, "न्हाई." तर गडी "आपल्या वेळेबद्दल आभारी आहे" म्हणून जिना चढून गेला. काय काम होतं ते मला आजवर कळलेलं नाही.

वरच्या दोन खोल्यांत त्यांचं कॉल सेंटर आहे. पाण्याच्या मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीचं. धर्माबादपासून शिरूर अनंतपाळपर्यंत कुठंबी मोटार बंद पडली की शेतकरी शिव्या देतच फोन लावतो, आणि वरच्या पोरी कानाला हेडफोन लावून त्याला थंड करतात. पोरींनी काय बोलायचं ते व्यंकटराव लिहून देतात. त्याला ते 'कागद' म्हणतात. पूर्वी शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून लिहिण्याची लई खोड. मी चौथी शिकलो, पण जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्यात चाळीस वर्षं गेली. माझी भरलेली मोटार माघारी आली नाही. त्यांचे कागद मात्र रोज खोडून लिहायला त्यांच्याकडंच माघारी येतात.

कामून की त्यांचे नियम. "मिस्त्री, लिहिणाऱ्यानं आधी मोठ्यानं बोलून बघावं. जिथं दम लागतो तिथं वाक्य तोडावं." बरं. "माफी एकदाच मागावी. दोनदा मागितली की खोटी वाटते." हेबी बरं. "माफीनंतर 'पण' आला की माफी मेली. 'पण' दिसला की खोडा." पोरींनी 'हाव' म्हणायचं नाही, 'हो' म्हणायचं. आणि सगळ्यांत कडक नियम : फोन आधी गिऱ्हाईकानं ठेवायचा. आपण ठेवायचा नाही, मग तो गप्प बसला तरी.

गडी घराबाहेरबी तसाच. भाजीवाल्या लक्ष्मीबाईकडून मेथी घेतली आणि सवयीनं विचारलं, "आणखी काही मदत करू शकतो का?"

"हाव, करा की," बाई म्हणाली. "ही पाटी तेवढी डोक्यावर चढवा."

चढवली! वर म्हणतात, "संपर्क केल्याबद्दल धन्यवाद."

या सगळ्यात माझं काम काय? मी संतापलेलं गिऱ्हाईक. नवा कागद लिहिला की व्यंकटराव मला वर बोलावतात, कानाला हेडफोन लावतात आणि समोर बसून पोरीसारखं बोलतात. मी भांडायचं. "मिस्त्री, तुमच्यासारखा हट्टी माणूस नांदेडात नाही," असं ते म्हणतात. मी ते चांगल्या अर्थानंच घेतो. एकदा मी इतका भांडलो की खरंच माझी मोटार जळाली असं वाटून रात्रीचं जेवण गेलं नाही. मला मोटारच नाही.

तिथं खिडकीजवळची एक खुर्ची रिकामी असते. तिच्यावर कुणी बसायचं नाही. ती त्यांच्या पोरीची, नंदाची. तिच्या आवाजानं भलाभला शेतकरी नरमायचा. दोन वर्षांपूर्वी तिला पुण्यात मोठ्या कॉल सेंटरात नोकरी लागली. व्यंकटराव चिडले. म्हणाले, "जातेस तर जा. मला फोन करू नको." पोरगी बापाचीच. तिनं केला नाही.

परवा दुपारी पोरी डबा खायला गेल्यावर व्यंकटराव दारात आले. "नमस्कार, मी…"

"मोकळा हाय. बोला."

"आज तुम्ही गिऱ्हाईक नाही, मिस्त्री. आज तुम्ही नंदा."

मी पांढऱ्या मिशीवरून हात फिरवला. मला काही कळंना. तरी वर गेलो. हेडफोन लावला. समोर व्यंकटराव, हातात तीन पानं.

"नंदा, मी बोललो ते चुकलं, पण तूही…"

"पण आला!" मी म्हणालो.

त्यांनी खोडला. "चुकलं, पण बापाच्या काळजीचा…"

"परत आला!"

अर्ध्या घंट्यात दोन पानं गेली. तिसऱ्यावरबी पणच पण, सगळे खोडले. आता मी नंदा हाय का मिस्त्री हेच मला समजंना, पण राग मातूर खरा आला. "अण्णा," मी नंदासारखाच ओरडलो, "स्वतःच्या लेकराशी बोलाया कागद लागतो व्हय तुमाला?"

व्यंकटरावांनी पेन खाली ठेवलं. तिसऱ्या पानावर एवढंच उरलं होतं : "नंदा, माझं चुकलं."

"हे लई तोकडं झालं," ते म्हणाले.

"दम लागत न्हाई की. लावा फोन."

त्यांनी टेबलावरचा फोन उचलून लावला. त्याच फोनचा हेडफोन माझ्या कानात तसाच होता, काढायचं सुचलं नाही. चार घंट्या वाजल्या, पाचवी वाजली. मग आवाज आला, सावकाश, एकेक शब्द सुटा :

"नमस्कार, मी नंदा बोलते. आपण दोन मिनिटं मोकळे आहात का, अण्णा?"

व्यंकटरावांच्या हातातला कागद खाली पडला. तो उचलायला ते वाकले नाहीत.

"हाव," ते म्हणाले.

पुढं ते बोलंनात. तीबी बोलंना. नुसता श्वास ऐकू येत होता, इकडचा आणि पुण्याचा. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि पायाचा आवाज न करता खाली आलो. चहा टाकला, प्यालो, कपबशी विसळून पालथी घातली. पोरी डबा खाऊन आल्या, त्यांना जिन्यातच थांबवलं.

"काय झालं, मिस्त्रीमामा?" एकीनं विचारलं.

"सरांचा फोन चालू हाय."

"काय बोलून राहिलेत?"

"काहीच न्हाई."

"मग ठेवत कामून न्हाईत?"

आधी गिऱ्हाईकानं ठेवायचा असतो. त्या दोघांत गिऱ्हाईक कोण, ते बहुतेक ठरत नव्हतं.