फुली येईपर्यंत थांबा

"जावईबापू, तुम्हाला माझी शपथ आहे, खरं सांगा. हे माझ्यापासून काय लपवतायत?"

सकाळचे साडेआठ वाजले होते आणि सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या वरच्याच मजल्यावर राहत, पण खाली येण्याआधी न चुकता फोन करत. आज तोच फोन त्यांनी पुरावा म्हणून आणला होता. जावयाने तोंडातला ब्रश काढला आणि स्क्रीनकडे पाहिलं. काळ्या चौकोनात पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'तुमच्या घरातलं कोणीतरी तुमच्यापासून काहीतरी लपवत आहे! कोण? फुली येईपर्यंत थांबा.'

"आई, ही खोटी जाहिरात आहे. मीच लिहिलीय ती."

"म्हणजे तुम्हाला सगळं माहितीय तर!" असं म्हणून सासूबाई तरातरा जिना चढून गेल्या.

जावयाने 'गुंता' नावाचा खेळ तयार केला होता. रंगीबेरंगी दोरे ओढून सोडवायचे, एवढंच. तो बनवायला सात महिने लागले. फुकट देऊन मध्ये जाहिराती दाखवायच्या की जाहिराती काढून विकत द्यायचा, हे ठरवण्यात आणखी दोन गेले. जाहिराती दाखवल्या तर लोक वैतागून पळणार आणि पैसे मागितले तर मुळात फिरकणारच नाहीत, असा त्याला दाट संशय होता. शेवटी त्याने घरच्या चार फोनांवर खेळ टाकला आणि त्यात 'जाहिराती बंद करा' असं एक बटण दिलं. चाचणीपुरतं ते फुकट होतं. पंधरा दिवसांत किती फोनांवर दाबलं जातं ते बघायचं आणि काय तो सोक्षमोक्ष लावायचा. खऱ्या जाहिराती अजून मिळाल्या नव्हत्या, म्हणून एक त्याने स्वतःच लिहून ठेवली; काही सेकंदांनी कोपऱ्यात फुली आली की ती बंद करता येई. उत्सुकता वाढेल असं काहीतरी हवं होतं, आणि लिहायला बसल्यावर नेमकं हेच सुचलं.

हेच का सुचलं, ते त्याचं त्याला ठाऊक होतं. ऑफिसातून वर्षभराची बिनपगारी सुट्टी घेतलीय, असं त्याने बायकोला सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्याने राजीनामा दिला होता. साहेबांनी तो आपल्या जाड भिंगांच्या चष्म्यातून दोनदा वाचला आणि "घरी विचारलंत का?" असं विचारलं. तो बिनदिक्कत हो म्हणाला. खेळ चालला की बायकोला सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. नाही चालला तर काय सांगायचं, हे मात्र त्याने ठरवलं नव्हतं.

अर्ध्या तासाने वर कपाट सरकल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ सासरे खाली आले.

"माझी बिस्किटं सापडली तिला," ते दार लोटून घेत दबक्या आवाजात म्हणाले. "डॉक्टरांनी साखर बंद केलीय म्हणून छत्रीच्या खोक्यात ठेवली होती. जागा कोणी सांगितली?"

"बाबा, मला बिस्किटं आहेत हेच माहीत नव्हतं."

"मग तुमच्या खेळाला कसं कळलं?"

जावयाने त्यांना सगळं समजावून सांगितलं. दारावर आलेल्या विक्रेत्याचं ऐकावं तसं त्यांनी ते ऐकलं. मग आपला फोन काढून खुर्चीत बसले, चार लेव्हल सोडवल्या आणि जाहिरात आली. ती वाचता वाचता त्यांचे डोळे बारीक झाले.

"माझा राखाडी स्वेटर," ते सावकाश म्हणाले. "लाँड्रीत हरवला म्हणाली होती."

स्वेटर त्याच दुपारी स्वयंपाकघरातल्या सिंकखाली सापडला. त्याचे चार तुकडे झाले होते आणि एक ओला होता.

तेव्हापासून वरच्या मजल्यावर दोघंही इरेला पेटून खेळू लागले. दोऱ्यांशी कोणाला देणंघेणं उरलं नव्हतं. चार लेव्हल झाल्या की जाहिरात येते, एवढ्यासाठीच हा खटाटोप चालला होता.

"फुलीनंतर नाव का येत नाही हो?" सासूबाईंनी जिन्यात जावयाला गाठलं.

"कारण नाव नाहीच आहे, आई."

"पैसे भरल्यावर येत असेल," सासूबाई स्वतःशीच म्हणाल्या.

हळूहळू जावयालाही त्याची लागण झाली. स्वतः लिहिलेल्या जाहिरातीवर विश्वास ठेवणं मूर्खपणाचं होतं, हे त्याला कळत होतं. तरी चष्म्याच्या दुकानातली नोकरी आटोपून संध्याकाळी घरी आलेली बायको फोनकडे बघून गालातल्या गालात हसायची, आणि तो जवळ गेला की फोन पालथा ठेवायची. पूर्वीही ठेवत असेल कदाचित. पण आता ते डोळ्यांत खुपायला लागलं. त्यात भर म्हणजे त्याच्या स्वतःच्या फोनवर आठवडाभर जाहिरात आलीच नव्हती. काहीतरी बिघडलंय म्हणून त्याने तीन दिवस सगळा प्रोग्रॅम ओळ न् ओळ चाळला, पण चूक काही सापडली नाही.

पंधराव्या दिवशी त्याने आकडा पाहिला. चारपैकी तीन फोनांवर बटण दाबलं गेलं होतं! लोकांना जाहिराती नकोत, त्यासाठी लोक पैसे मोजतील. तो एका दमात जिना चढून वर गेला.

"आई, तुम्ही जाहिराती बंद केल्यात ना? कंटाळा आला होता?"

"मी कशाला बंद करू?" सासूबाई चमकल्या. "मी ह्यांच्या फोनवरच्या केल्या. ह्यांना काही कळायला नको."

"तरीच!" सासरे आतून म्हणाले. "पण तुझ्या फोनवरच्या मी कधीच बंद केल्यात."

वर पुढे काय झालं ते ऐकायला जावई थांबला नाही. त्याला आता तिसऱ्या फोनचीही फिकीर नव्हती. स्वतःच्या फोनवरची जाहिरात घालवायला कोणी छदामही देणार नाही, पण नवऱ्याच्या किंवा बायकोच्या फोनवरची घालवायला मात्र लोक हवे तेवढे पैसे देतील! इतकी साधी गोष्ट आपल्या डोक्यात आली कशी नाही, याचं त्याला नवल वाटलं. आणि त्याच क्षणी तो स्वतः काय लपवतोय, हेही त्याला आठवलं.

बायकोचा फोन जेवणाच्या टेबलावर पालथा पडला होता. ती आंघोळीला गेली होती. त्याने फोन उचलला आणि खेळ उघडला. तिच्याकडे जाहिरात सुरूच होती. त्याने बटणावर बोट नेलं.

"दाब, दाब," पाठीमागून आवाज आला. केसांना टॉवेल गुंडाळून ती दारात उभी होती. "तुझ्या फोनवरचं मी गेल्याच आठवड्यात दाबलंय."

म्हणजे तिसरा फोन त्याचाच होता. तीन दिवस शोधलेली चूक समोर टॉवेल गुंडाळून उभी होती.

"म्हणजे तू माझ्यापासून काहीतरी लपवतेस!" तो ओरडला.

"हो."

"काय?"

"तुझा राजीनामा."

तो खुर्चीत बसला.

"तू राजीनामा दिलास, त्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात साहेब नवा चष्मा करायला आमच्या दुकानात आले होते," ती म्हणाली. "तुमच्या मिस्टरांनी राजीनामा देऊन करायला घेतलेला खेळ झाला का, म्हणून विचारत होते. मी म्हटलं, होतोय."

"आणि इतके महिने तू काहीच बोलली नाहीस?" त्याला रडावं की हसावं ते कळेना.

तिने त्याच्या हातातून फोन घेतला, टेबलावर सरळ ठेवला आणि शेजारची खुर्ची ओढून बसली.

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते," ती म्हणाली. "फुली येईपर्यंत थांबले."