अबोली घोडीची वाटणी

"घोडी तुझ्या बापाची आहे काय रे?" ऐसे शौनकराव भर तबेल्यात बोलिले. "तुझ्या बापानं नवं खोगीर दिलं म्हणून तुझ्या बापाची झाली होय?" ऐसे सर्जेरावांनी उत्तर केले, आणि हातातला खरारा भिंतीवर फेकिला, आणि तो उलटून त्यांच्याच पायावर पडला, मग कळ मस्तकात गेली, परंतु मुद्रा हलू दिली नाही.

श्री. चार खुरांस सांभाळणारा आमच्या तोंडासही सांभाळो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, पौष मास, मंदवार म्हणजे शनिवार, ते दिवसाची हकिकत येणेप्रमाणे. एक राज्य होते, म्हणजे एक तबेला आणि एक रिंगण, नाव लिहीत नाही. त्या राज्यात घोडेस्वारी शिकवीत. राज्याचे धनी मोहितेसाहेब, लष्करातून निवृत्त, हसले तरी दरडावल्यासारखे वाटे. त्यांनी चार स्वार आणि तीन घोडे घेऊन ड्रेसाजच्या अजिंक्यपदावर दोन दिवसांची मोहीम काढिली. ड्रेसाज म्हणजे शर्यत नव्हे आणि उडीही नव्हे. घोड्याने वाळूच्या रिंगणात ठरल्या ठिकाणी वळावे, दुडकावे, थांबावे, आणि स्वाराने काहीच केले नाही ऐसे दिसावे, आणि पंचांनी टोपीखालून पाहून गुण द्यावे. रिंगणाभोवती इंग्रजी अक्षरांच्या पाट्या असतात, त्यांचा क्रम कोणत्याच शाळेत शिकवीत नाहीत, म्हणून नववीत शाळा सोडिलेल्या सर्जेरावांस तो तोंडपाठ होता.

आता स्वार चार आणि घोडे तीन, तेव्हा अबोली घोडी सर्जेराव आणि शौनकराव या दोघांत आली. मोहितेसाहेबांनी हुकूम केला की मंदवारी दोघांनीही तिजवर बसून दाखवावे, ज्याचे गुण अधिक तो आदित्यवारी राज्यातर्फे बसेल, आणि दुसरा लगाम धरून बाहेर उभा राहील. सर्जेरावांनी चार महिने रोज सकाळी अबोलीस ठरल्या वळणांचा हाच धडा गिरवून घेतला होता. शौनकराव दहावीच्या सराव परीक्षेत गुंतलेले, आठवड्यातून एकदा येत, आणि येत तेव्हा बूट ऐसे चमकत की घोडीने त्यांत तोंड पाहावे. आणि घोडी पाहतही असे, कान पुढे करून पाहत असे, हे सर्जेरावांस फार झोंबे. त्या दिवशीही आयाळीचे तेरा गोंडे सर्जेरावांनी बोटे दुखेतोवर बांधिले, आणि शौनकरावांच्या मातोश्री आल्या, आणि म्हणाल्या, "जरा बाजूला हो हं बाळ, फोटोत येतोयस," मग सर्जेराव बाजूला झाले, आणि फोटोत गोंडे आणि शौनकराव आले.

प्रथम सर्जेराव बसले. घोडी बरी चालली, परंतु स्वाराचे चित्त कुंपणाबाहेरच्या चमकत्या बुटांवर, तेणेकरून पंचांस मुजरा करतेवेळी घोडी वाकडी उभी राहिली. गुण त्रेसष्ट टक्के. मग शौनकराव बसावयास निघाले तो चेहरा चुन्यासारखा. "सर, सगळं विसरलो. दुसऱ्यांदा मधून आल्यावर कुठं वळायचं तेच आठवत नाही." त्या मोहिमेचा रिवाज ऐसा की स्वारास धडा आठवत नसेल तर एकाने रिंगणाबाहेर उभे राहून मोठ्याने वाचावा, स्वाराने तसे करावे. मोहितेसाहेब बोलिले, "सर्जा, तू वाच. घोडीला तुझा आवाज ओळखीचा आहे." शौनकरावांनी कागद पुढे केला आणि सहज विचारिले, "वाचता येतं ना नीट?"

एवढे एकच वाक्य. सर्जेरावांच्या कानात जाळ झाला, आणि कागद घेतला, आणि ई अक्षराच्या पाटीपाशी जाऊन उभे राहिले, आणि मनात म्हणाले, आता ऐकच.

घंटा झाली. "ए पासून आत. मधोमध थांबून मुजरा." घोडी चारी पाय रोवून खांबासारखी उभी राहिली. सर्जेरावांस वाकडी, आणि ह्यास सरळ! "के पासून एम पर्यंत तिरकस, लांब दुडकी." घोडी ऐसी लांबली की वाळूस पाय लावीना, आणि दर वेळी सर्जेरावांचा शब्द निघाला की तिचा एक कान त्यांच्याकडे वळे. धडा शौनकरावांचा चालला होता आणि घोडी सर्जेरावांचे ऐकत होती, आणि गुण मात्र बुटांस पडत होते. मग दुसऱ्यांदा मधल्या रेषेवर आली. पुढे सी अक्षर. कागदावर लिहिले होते, डावीकडे. चुकीचे वळण म्हणजे घंटा, घंटा म्हणजे गुण वजा, आणि आदित्यवारी घोडी सर्जेरावांची. जीभ चुकली म्हणावे, कोण काय करणार? सर्जेरावांनी कागदाकडे पाहिले, आणि शौनकरावांच्या पाठीकडे पाहिले, आणि स्पष्ट, खणखणीत वाचिले, "सी पाशी उजवीकडे."

शौनकरावांनी उजवा लगाम ओढिला. अबोलीने मान झाडिली, एकवार, माशी उडवावी तैसी, आणि डावीकडे वळली. चार महिने रोज सकाळी त्या ठिकाणी डावीकडेच वळविली होती, वळविणाराही आता उभा राहून उजवीकडे ओरडत होता, परंतु घोडी शिकविले तेच चालली. घंटा झाली नाही. पंचांनी मान झाडल्याचा अर्धा गुण कापिला. सर्जेरावांच्या हातातला कागद घामाने भिजला, आणि पुढील सारा धडा त्यांनी बरोबर वाचिला, कारण खोटे वाचून उपयोग नव्हता. गुण सहासष्ट टक्के.

मग शौनकराव उतरले आणि थेट सर्जेरावांकडे आले. सर्जेरावांनी मूठ वळली, म्हटले आता होऊन जाऊ दे. तो शौनकराव हळू बोलिले, "सर्ज्या, सी पाशी मी उजवीकडे खेचली रे. तू डावीकडेच म्हणाला असशील, माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. अबोलीनं वाचवलं. सरांना सांगू नकोस, प्लीज. आणि उद्या पण तूच वाच." सर्जेरावांची मूठ तैसीच राहिली, वळलेली, कोणावर उगारावी हे तिला कळेना. मग ते घोडीकडे गेले आणि गुळाचा खडा पुढे केला. तिने तोंड फिरविले असते तर बरे होते. तिने खडा खाल्ला, तळहात चाटला, आणि आणखी आहे काय म्हणून खिसा हुंगला.

सारांश, त्या राज्यात एक स्वार मुद्दाम खोटे वाचून गेला आणि एक घोडी खरे चालली, हे त्या दोघांसच ठाऊक, आणि दोघांतली एक बोलत नाही. आज आदित्यवार. शौनकराव स्वार जाहले, बूट आजही चमकतात, अजूनही झोंबते. आणखी पुष्कळ लिहावयाचे होते, परंतु रिंगणाकडून हाक आली, वाचणारा कोठे आहे म्हणून. कागद घेऊन आम्हांसच ई पाशी उभे राहणे आहे, आणि डावीकडे असेल तेथे डावीकडेच म्हणणे आहे, दात खाऊन म्हणणे आहे. आता निघणे आहे.