हलगीविना जिंकलेली कुस्ती

मुलांनो, गोष्ट जंगलातलीच आहे. कुठलं जंगल ते विचारू नका. तुमच्या गोष्टीच्या पुस्तकात असतं तेच समजा. फक्त या जंगलात कुस्तीचं मैदान होतं, मैदानाला पंच होते, आणि पैलवान आत आला की त्याच्यासाठी हलगी वाजायची.

हलगी वाजवणारा एक सुतार पक्षी होता. वाळक्या सागाच्या खोडावर तो चोचीनं हलगी काढायचा. मोठा गुणी, मोठा कलावंत, सगळ्या जंगलाचं भूषण! असं त्याचं स्वतःचं मत होतं. मला कसं माहीत म्हणता? अहो, तो मीच.

हसू नका. मागच्या रांगेतला तो हसतोय, त्यानं आधी स्वतः दिवसभर लाकडावर डोकं आपटून बघावं.

तर आमच्याकडे प्रत्येक पैलवानाची हलगी वेगळी होती. हे काम सोपं नाही बरं का. मी दोन-दोन दिवस वाटेवरच्या फांदीवर बसून पैलवानाची चाल बघायचो. घोरपडीला मी घासत, रेंगाळत येणारी हलगी दिली होती. रानडुकराची सुरू झाली की थांबायचीच नाही, कारण तोही थांबायचा नाही. डोळे मिटून ऐकलं तरी कोण येतंय ते कळायचं.

आणि मग माझ्याकडे म्हादबा आला.

म्हादबा गवा. वासरू होता तेव्हापासून आबा वस्तादांच्या तालमीत वाढलेला. आबा म्हणजे म्हातारा गवा, एके काळचा नावाजलेला पैलवान. त्यांनी म्हादबाला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं आणि एकच डाव शिकवला होता, ढाक. रोज पहाटे तोच एक डाव, शंभर वेळा. चार पायांवर ढाक कशी मारतात ते मला विचारू नका. मी वाजवणारा आहे, मला कुस्तीतलं काही कळत नाही. पण त्यावर मी बोलतो खूप.

दोन दिवस मी म्हादबाची चाल बघितली. अंगानं एवढा धिप्पाड, पण पाय टाकण्याआधी खाली बघायचा, मुंगी-बिंगी नाही ना म्हणून. वाटेत कासव बसलं असलं तर म्हणायचा, "उठू नका, उठू नका, मीच जातो वळसा घालून."

याला कुठली हलगी द्यायची, सांगा! मी प्रामाणिकपणे त्याच्या चालीला शोभेल अशी वाजवली. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. पहिल्या मैदानाला म्हादबा त्यावर आत आला. कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. एक वानर तेवढं माझ्याजवळ येऊन म्हणालं, "काय पाव्हणं, घर बांधताय व्हय?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बरं, चोचीला म्हणा हवं तर.

त्याच दिवशी मी ठरवलं. या पैलवानाला शोभेल अशी हलगी करून उपयोग नाही. जबरदस्त हलगी करायची आणि तिला शोभेल असा पैलवान बनवायचा. म्हणजे शर्ट आधी शिवायचा आणि मग त्यात मावेल असं अंग शोधायचं.

नवी हलगी मी आठ दिवसांत बसवली. आधी शांतता. मग लांबून येणारी घरघर. मग दोन टिटव्या किंचाळत मैदानावरून जायच्या. त्यांना मी तेवढ्यासाठीच ठेवलं होतं. आणि मग धाडधाड हलगी! नावही मीच दिलं. काळदरीचा कर्दनकाळ.

"ही काळदरी कुठं आहे?" म्हादबानं विचारलं.

"नसेल कुठं. तुला काय करायचंय?"

"नाही, पण मी ओढ्याकाठचा आहे."

"अरे लेका, ओढ्याकाठचा कर्दनकाळ म्हटलं तर कोण घाबरेल?"

म्हादबा ते नाव पुटपुटत पाठ करायला लागला. तो बिचारा माझं सगळं ऐकायचा. कलावंताला यापेक्षा धोकादायक माणूस दुसरा भेटत नाही.

मग मी त्याला शिकवायला लागलो. मान खाली, डोळे वर, नाकातून फुरफुर, आणि पुढच्या खुरानं माती उडवायची. मातीनं त्याला शिंका यायच्या. एका दमात तीन. मी त्या तिन्ही शिंका हलगीत बरोबर बसवल्या. प्रेक्षकांना वाटलं कर्दनकाळ गर्जना करतोय. पहिल्याच दिवशी दोन ससे बेशुद्ध पडले.

त्या दिवसापासून म्हादबाला जंगलानं डोक्यावर घेतलं. म्हणजे मला घेतलं असं मी धरून चाललो.

आता इथं एक नियम सांगायला हवा. आमच्या मैदानात दिवस मावळला की कुस्ती थांबायची. निकाल लागला नसला तर बरोबरीत सोडायची आणि दोघांचे हात वर करायचे. हा नियम पूर्वीपासून होता आणि पूर्वी त्याचा कुणाला त्रास नव्हता. पूर्वी मी नव्हतो ना!

झालं असं की माझी हलगी लोकांना आवडायला लागली. आवडायला लागली म्हणून मी ती लांबवली. आधी म्हादबा मैदानाला एक फेरी मारायचा. मग तीन झाल्या. मग सात. प्रत्येक फेरीला नवीन ठेका. पुढे पुढे तर तो येणार असं वाटायचं आणि यायचाच नाही. मग पुन्हा घरघर, पुन्हा टिटव्या. लोक वेडे व्हायचे नुसते. शेवटी एकदाचा म्हादबा हात मिळवायला मधोमध उभा राहिला की सूर्य डोंगराला टेकलेला असायचा. थोडी झटापट व्हायची आणि पंच शिट्टी मारायचे.

अशा अकरा कुस्त्या झाल्या. अकराही बरोबरीत. मी सगळीकडे सांगत सुटलो की कर्दनकाळ झाल्यापासून म्हादबा एकही कुस्ती हरलेला नाही. आणि ते खरंच होतं. एकही जिंकलेला नव्हता, पण तसं कुणी विचारलं नाही.

एकानंच विचारलं. आबा वस्तादांनी.

आबा मैदानावर यायचे नाहीत. माझी हलगी त्यांना सोसायची नाही. वय झालं होतं त्यांचं, दुसरं काय! ते तालमीतच बसून निकालाची वाट बघायचे. अकराव्या बरोबरीनंतर त्यांनी म्हादबाला समोर उभं केलं.

"चित झालास तर रडत ये, मी जवळ घेईन," आबा म्हणाले. "चितपट करून आलास तर नाचत ये. पण आता आणखी एक बरोबरी घेऊन आलास तर येऊच नकोस. या तालमीत पैलवान राहतात. नाचे राहत नाहीत."

म्हादबाला तालमीशिवाय घर नव्हतं. तो तसाच माझ्या सागाखाली आला. डोळे लाल झाले होते.

"गड्या," तो म्हणाला, "उद्या भिवा अस्वलाशी कुस्ती आहे. उद्या वाजवू नकोस."

मला वाटलं माझे कान वाजले. "म्हणजे थोडं कमी वाजवू?"

"वाजवूच नकोस. मला निकाल लागेपर्यंत लढायचंय. हरलो तरी चालेल, पण घरी जायचंय मला."

"अरे, पण मी वाजवलं नाही तर तुला ओळखणार कोण?"

"आबा ओळखतात की," तो म्हणाला.

मी हो म्हटलं. मनातून मला फार राग आला होता हे तुम्हाला सांगून टाकतो. ज्याला मी घडवला, मातीतून वर काढला, तो मलाच म्हणतोय वाजवू नकोस! कृतघ्न कुठला, असं मी टिटव्यांपाशी चारदा बोललो. टिटव्यांना पटलं. त्यांचाही एक दिवस बुडत होता.

दुसऱ्या दिवशी मैदान खच्चून भरलं. भिवा अस्वल आधीच आत येऊन बसलं होतं. त्याला म्हादबाशी कुस्ती म्हणजे सुट्टी वाटायची. सात फेऱ्या बघायच्या, थोडं धरल्यासारखं करायचं आणि हात वर करून मधाच्या पोळ्याकडे जायचं.

आणि म्हादबा आला. हलगी नाही, टिटव्या नाहीत. खाली बघत, मुंग्या चुकवत, त्याच्या त्या जुन्या चालीनं आला. कुणाचं लक्षच नाही! कुणी बोरं खातंय, कुणी पोरांना दामटतंय, कुणी मैदानाकडे पाठ करून शेजाऱ्याशी भांडतंय. पंच होते साळिंदरकाका. ते आपल्या पाठीवरचा वाकडा काटा सरळ करत बसले होते. हलगी वाजल्याशिवाय बघायचं असतं हेच सगळे विसरून गेले होते.

म्हादबानं मैदानाची माती कपाळाला लावली. भिवाला हात दिला. भिवानं सवयीनं घेतला.

मुलांनो, मग मी ढाक बघितली.

काय ढाक होती ती! डोळ्याचं पातं लवायच्या आत म्हादबा आत शिरला, वळला, आणि ते एवढं अस्वल हवेतून फिरून पाठीवर आलं. दोन्ही खांदे जमिनीला. चारी पाय वर. स्वच्छ, लखलखीत कुस्ती! वाजवायला जागाच नव्हती तिच्यात कुठं. इतक्या वर्षांत मी कुस्ती कधी बघितलीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

आणि लगेच मी प्रेक्षकांकडे बघितलं, कुणाच्या नजरेस पडली का म्हणून. कारण अशी कुस्ती लोकांनी एकदा बघितली तर पुढे सात फेऱ्या कोण बघणार?

म्हादबानं हात वर केला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

"सुरू झालं काय?" बोरं खाणाऱ्या वानरानं विचारलं.

"छे! अजून वाजलं कुठं?" शेजारचं म्हणालं.

साळिंदरकाकांनी वळून बघितलं. भिवा उठून अंग झाडत होता.

"काका, निकाल लागला," म्हादबा म्हणाला. "चितपट."

"असं कसं? मी बघितलं नाही," काका म्हणाले. "भिवा, तुझी पाठ लागली काय रे?"

भिवानं पाठीला हात लावला, माती बघितली. "ही? ही सकाळची असेल. मी लोळलो होतो."

"कुणी बघितलं का?" काकांनी मैदानाला विचारलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग काकांनी मान वर केली. "सुतारा, तुला वरनं सगळं दिसतं. तू सांगशील ते मी मानीन. लागली का पाठ?"

म्हादबानं माझ्याकडे बघितलं. अगदी निर्धास्त बघितलं त्यानं. मी त्याचा मित्र ना!

आणि मी म्हणालो, "काका, मी तेवढ्यात चोच पुसत होतो."

एवढंच. खोटं बोलायला तेवढे शब्द पुरतात.

काका म्हणाले, मग कुस्ती पुन्हा लावू, आणि या वेळी रीतसर लावू, म्हणजे लोकांना सुरू झाल्याचं कळेल. हलगी होऊ दे! मैदानानं आरोळी ठोकली. म्हादबा "नको" म्हणाला असावा, पण तोपर्यंत टिटव्या सुटल्या होत्या.

मी त्या दिवशी जसं वाजवलं तसं जन्मात कधी वाजवलं नाही. खोडाच्या ढलप्या उडाल्या. हरणं रडली. सातच्या नऊ फेऱ्या झाल्या. मी मध्येच थांबावं असं मला तिसऱ्या फेरीला वाटलं, पाचव्यालाही वाटलं. पण त्या टाळ्या! म्हादबा मान खाली घालून फिरत होता, आणि लोक म्हणत होते, आज कर्दनकाळ केवढा रागात आहे बघा. शिंका मात्र त्याला त्या दिवशी आल्या नाहीत.

सूर्य डोंगराआड गेला. काकांनी दोघांचे हात वर केले. बारावी बरोबरी.

सगळे गेल्यावर म्हादबा सागाखाली आला. तो मला शिंगावर घेईल असं वाटून मी दोन फांद्या वर सरकलो.

"चांगलं वाजवलंस," तो म्हणाला. टोमणा नव्हता. त्याला टोमणा मारता येतच नव्हता. मग तो तालमीच्या उलट दिशेला, डोंगराकडे चालायला लागला. पाय टाकण्याआधी खाली बघत. मी त्याला हाक मारू शकलो असतो. आबांकडे जाऊन खरं काय ते सांगू शकलो असतो. मी दोन्ही करणार होतो. फक्त त्या संध्याकाळी मला वानरांनी सत्काराला बोलावलं होतं.

पुढचं मैदान पंधरा दिवसांनी होतं. कर्दनकाळ कुठून आणायचा? भिवा म्हणाला, मी येतो की. मी घरघर सुरू केली, टिटव्या किंचाळल्या, आणि भिवा अस्वल मान खाली घालून, माती उडवत आत आलं. हलगी त्याला अगदी मापाची बसली. सगळं मैदान उठून उभं राहिलं आणि ओरडलं, "म्हादबा! म्हादबा!"

शिंगं कुठं गेली, असं एकानंही विचारलं नाही. आणि मी वाजवत राहिलो.

बरं, आता तात्पर्य. त्याशिवाय तुम्ही उठणार नाही, आणि तुमच्या बाई मला मानाचा नारळ देणार नाहीत.

तात्पर्य: खरी ताकद लपून राहत नाही, असं तुम्हाला सांगतील. बाळांनो, राहते. मी स्वतः लपवली आहे. तेव्हा अंगात ताकद असेल तर आधी एक वाजवणारा गाठा. ताकद नसेल तर स्वतःच वाजवायला शिका. आणि वाजवता वाजवता एखाद्याचं घर तोडून बसलात, तरी घाबरू नका. त्याची बोधकथा करून शाळाशाळांतून सांगत फिरा. लोक टाळ्या वाजवतात. तुम्हीही आत्ता वाजवणारच आहात.