दोनशे दहा कुंड्यांचा शोकप्रस्ताव

'हिरवी गच्ची, वऱ्हाड' या आमच्या व्हॉट्सअॅप समूहाचे मार्गदर्शक, पातूरचे महादेवराव, गेल्या मे महिन्यात एका सोमवारी वारले. त्या दिवशी समूहाची सदस्यसंख्या नऊशे शहाऐंशी होती. त्यांपैकी महादेवरावांना प्रत्यक्ष पाहिलेला एकही नव्हता, त्यामुळे शोक अगदी निर्भेळ होता.

मी नारायण, मुक्काम राजापेठ, अमरावती, समूहाचा उप-अॅडमिन. महादेवराव माझे गुरू होते, आणि हे मी थट्टेनं म्हणत नाही. विद्युत मंडळातून निवृत्त झालेले लाइनमन, पण पानाचा फोटो पाहून झाडाचं दुखणं सांगायचे. तीन वर्षं रोज सकाळी त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय माझा चहा होत नसे. एकदा कुंडीतलं लिंबू वाळलं म्हणून मी उपटायला निघालो होतो, तर फोनवर त्यांचा आवाज आला, "नारायणभाऊ, मेलं नाही ते, रुसलं हाये. आठ दिवस त्याच्या मांगं लागू नका." लिंबू जगलं. माझी बायको गेली ते वर्ष होतं. घरात तेवढीच एक चांगली बातमी होती.

मंगळवारी सकाळी महादेवरावांच्याच नंबरवरून समूहावर संदेश आला. 'मी सुभद्रा, महादेवरावांची मंडळी. हे काल गेले. पाहुणे मातीले आले अन् गेले. गच्चीवर दोनशे दहा कुंड्या हायेत. माह्या गुडघ्यानं जिना चढणं होत नाही. कोणी येऊन पाणी टाकलं तं बरं होईन. झाडं नेली तरी चालते.'

मी संदेश वाचला, डोळे पुसले आणि संदेश काढून टाकला. नियम क्रमांक सात स्पष्ट आहे: रोपांची देवाणघेवाण फक्त रविवारी, सकाळी दहा ते बारा. आज दुःखाच्या भरात हा नियम मोडला, तर उद्या लोक कोणाच्याही दुःखाचं निमित्त काढून मोगऱ्याच्या काड्या वाटत सुटतील. निधनाचा भाग तेवढा मी शुद्ध मराठीत लिहून पुन्हा टाकला.

दुपारपर्यंत सातशे जणांनी हात जोडले. त्या गर्दीत शेणखताविषयीचे तीन तातडीचे प्रश्न वाहून गेल्याची तक्रार आली. मुख्य अॅडमिन रागिणीताई अकोल्याच्या, कामात चोख. त्यांनी ताबडतोब शोकनियोजन समिती नेमली. श्रद्धांजली साठ शब्दांत असावी. अमरावतीकरांनी सकाळी आणि अकोलेकरांनी सायंकाळी वाहावी. परिपत्रकापूर्वी व्यक्त झालेला शोक ग्राह्य धरला जाणार नाही. ज्यांनी सकाळीच रडून घेतलं होतं, त्यांना पुन्हा रडावं लागलं.

पुढे श्रद्धांजलीच्या फलकाला फोटो हवा होता. महादेवरावांच्या प्रोफाइलवर जास्वंद होती, आणि जास्वंदीला हार घालणं समितीला प्रशस्त वाटेना. मी सुभद्राबाईंना विनंतीपत्र पाठवलं. त्यांनी फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'पाण्याचं पाहा बा.' फोटोत महादेवराव बनियनवर, हातात झारी घेऊन, कुंड्यांच्या रांगेत उभे होते. समितीने कुंड्या आणि झारी कापून फक्त चेहरा घेतला. तो चेहरा मी तीन वर्षांत प्रथमच पाहिला, आणि खरं सांगतो, मला भरून आलं.

हिवरखेडचा धर्मपाल नावाचा एक सदस्य होता. रंगाच्या रिकाम्या डब्यांत मिरच्या लावायचा. सुभद्राबाईंचा संदेश मी काढण्याआधी त्याने वाचला असावा, कारण शोकसभेच्या तारखेसाठी मतदान चालू असताना त्याने मधेच विचारलं, "पण तिथं पाणी कोण टाकून राहिलं?" पहिल्या वेळी आम्ही दुर्लक्ष केलं. दुसऱ्या वेळी समज दिली. तापमान पंचेचाळीसवर गेलं त्या दिवशी त्याने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा शोकाच्या गांभीर्याचा भंग केल्याबद्दल त्याला समूहातून कमी करण्यात आलं. ठराव एकमताने संमत झाला.

ऑनलाइन शोकसभा फारच छान झाली. चारशे लोक होते. दोघांनी माइक बंद केला नव्हता, त्यामुळे शोकाला कुकरच्या शिट्ट्यांची साथ मिळाली.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी रागिणीताईंसह आमचं चौघांचं शिष्टमंडळ एसी गाडीने पातूरला निघालं. सोबत चौकटीतलं मानपत्र होतं. ते गच्चीवर, गुरुवर्यांच्या झाडांमध्ये, सुभद्राबाईंच्या हाती देऊन छायाचित्र काढायचं, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं. सुभद्राबाई म्हणाल्या, जा वर, मी काही येत नाही.

गच्ची रिकामी होती. जिथे जिथे कुंडी होती तिथे गोल डाग उरला होता. एवढे गोल मी कधी एकत्र पाहिले नाहीत. रागिणीताई संतापल्या. समूहाचा वारसा परस्पर कोणी नेला, असं त्यांनी खाली येऊन विचारलं.

"धर्मपाल म्हणून एक आला होता हिवरखेडचा," सुभद्राबाई म्हणाल्या. "मॅटाडोर घेऊन. मीच देल्ली."

"तो आता आमचा सदस्य नाही," रागिणीताई म्हणाल्या.

"असंन. रडला नाही तो काही. पाणी कुठून भरू, एवढंच इचारलं. जगली म्हणते बहुतेक सारी."

मग त्यांनी आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. "तुमच्यातले नारायणभाऊ कोण?"

मी मानपत्र सावरत पुढे झालो.

"दवाखान्यात तुमचंच नाव काढून राहिले होते. म्हणे, नारायणच्या लिंबाले फळ धरलं का? मी म्हटलं, लावा ना फोन. तं म्हणे, त्याले घाई असंन. धरलं तं तोच सांगंन."

फळ दिवाळीतच धरलं होतं. मी लोणचंही घातलं होतं. फोटो काढून भाचीच्या ग्रुपवर टाकला होता, तिने अंगठा पाठवला होता. महादेवरावांना सांगायचं राहून गेलं. का, तर रोज बोलणं होतच होतं.

"धरलं," मी म्हणालो. मानपत्र त्यांच्या हाती दिलं. सुभद्राबाईंनी मान हलवली आणि ते कुठे टेकवू म्हणून भिंतीकडे पाहू लागल्या.

परतताना गाडीत अहवाल तयार झाला. धर्मपालचं कृत्य सात क्रमांकाच्या नियमाचं उल्लंघन ठरवून त्याचा निषेध करण्यात आला. भेट हृद्य झाल्याची नोंद झाली. मी सही केली.

वाचकहो, ही हकीकत वाचून गलबलून आलं असेल, तर जरूर पुढे पाठवा. ज्यांना फोन करायचा तुमचा राहूनच जातो, त्यांनाही पाठवा. फोन करण्यापेक्षा ते सोपं पडतं.