सगुणा सांबरीण आणि पोकळीचे लाडू

एका जंगलात, सिंहमहाराजांच्या कारकिर्दीचं अकरावं वर्ष चालू असताना, फाल्गुन लागला त्याच आठवड्यात, पळस नुकता फुलला होता तेव्हा, सगुणा सांबरिणीचं ऑपरेशन झालं.

मुलांनो, खुसखुस करू नका. सांबरिणीलाही पोट असतं. त्यात पिशवी असते. सगुणेची पिशवी फार दिवस त्रास देत होती. रक्त जायचं. म्हणून शिंपीणबाईनं ती काढली.

शिंपीणबाई म्हणजे शिंपी पक्ष्याची मादी. पानाला पान शिवून घरटं करणारी. तिच्याइतका बारीक टाका जंगलात कुणाचा नव्हता. बोलणंही तसंच. थोडं आणि टोचणारं.

"पाणी भरपूर पी," ती म्हणाली. "कोवळा पाला खा. कुळथाच्या शेंगा खा, जखम भरते. रक्त कमी आहे, म्हणून लोहाची ही गोळी. रोज एक. जड उचलायचं नाही. पण चालायचं. थोडं थोडं, रोज."

"आणि टॉनिक?" सगुणेच्या जावेनं, बायजानं विचारलं.

"हेच."

बायजाचं तोंड पडलं. एवढी मोठी डॉक्टरीण, आणि सांगितलं काय, तर पाला. पाला तर धडधाकट सांबरंही खातात.

सगुणेला मात्र एकच घोर होता. चैत्रात वरचा पाणवठा आटतो. कळप खाली नदीकडे उतरतो. जो चालेल तो जातो. जो मागे राहतो, त्याच्या समाचाराला बिबट्या येतो. आणि बिबट्या येताना डबा आणत नाही.

बाकीचे सगळे आणतात. पहिली आली भिवरामावशी. ही अस्वलीण. आवाज मोठा, माया त्याहून मोठी.

"पिशवी काढली म्हणे?"

"हो, मावशी."

"मग आता तिथं काय आहे?"

सगुणेनं याचा विचारच केला नव्हता. "काही नाही."

"काही नाही! ऐकलंस का गं बायजा? पोरीच्या पोटात पोकळी, आणि ही पाला चघळतेय! पोकळीत वारा शिरतो. ती आधी भरली पाहिजे."

मावशीनं डबा उघडला. डिंकाचे लाडू होते. एकेक कवठाएवढा.

"आणि जागचं हलायचं नाही. बाळंतीण हलते का?"

"मावशी, मी बाळंत नाही झाले."

"पोटातनं काही निघालं की नाही? मग!"

सगुणेनं लाडू खाल्ला.

मग आला हरबाजी वानर. हरबाजी कसल्याशा शिबिराला जाऊन आला होता. शिबिर कसलं ते त्याला नीट आठवत नव्हतं. पण गळ्यात बिल्ला होता : 'आहाराबद्दल मला विचारा.' कुणी विचारत नसे. तोच सांगे.

"वहिनी, लोहाच्या गोळ्या किती?"

"एक."

"एकच? कंजूष पाखरू! एका गोळीनं सांबर उठतं, तर तीन गोळ्यांनी हत्ती होईल. आणि वर हे घ्या, शक्तिचूर्ण."

डब्यावर हत्तीचं चित्र होतं. आत काय आहे ते लिहिलेलं नव्हतं.

पाठोपाठ अख्खं जंगल आलं. जो येई तो समोर बसून खायला घाली. "हा माझ्या नावाचा." "हा पोरांच्या नावाचा." नाही म्हणायची सोय नव्हती. सगुणा भिडस्त होती. भिडस्त आजारी म्हणजे पाहुण्यांची पर्वणी.

पाण्याला पोटात जागा उरली नाही. पाल्याला तर नाहीच. पोट फुगलं, पण साफ होईना. जोर करावा तर टाके ओढत. हसू नका म्हणून मघाशीच सांगितलं होतं.

पाहुणे फुगलेल्या पोटाकडे बघून खूश झाले.

"भरतेय हो, पोकळी भरतेय!"

फाल्गुन अर्धा सरला. पाणवठ्याच्या काठचा चिखल तडकला. सगुणेला उठून उभं राहता येईना. तिनं शिंपीणबाईला बोलावलं.

शिंपीणबाईनं पोटावर चोच वाजवली. नगाऱ्यासारखा आवाज आला.

"हे काय?"

"पोकळी भरत होते. गोळ्याही तीन घेतल्या."

"कसली पोकळी? घरातला पाहुणा गेला की घरचे पाय पसरून बसतात. आतड्यांनी कधीच जागा घेतली. पोट आहे हे, सगुणा. कणगी नव्हे. गोळी एकच घे. लाडू बंद. आणि चाल."

"ते चालू देत नाहीत."

"मग इथंच बैस," शिंपीणबाई म्हणाली. "चैत्रात एकच पाहुणा येईल. तो मात्र खायला घालणार नाही." आणि उडून गेली.

सगुणा म्हणाली, "बायजा, हे लाडू आता मी खाणार नाही."

"टाकून देऊ?"

"अन्न टाकत नाहीत. ज्याचं त्याला परत द्यायचं. आणि ज्यानं घेतलं त्यानंच द्यायचं, दुसऱ्याच्या हाती धाडायचं नाही. आपल्याकडची रीतच आहे."

रीत होती, पण जड उचलायला बंदी होती. म्हणून तिनं एका खेपेला एकच लाडू तोंडात धरला. मावशीची गुहा टेकडीवर. पहिल्या दिवशी वाटेत चारदा बसली. गुहेपाशी लाडू ठेवला.

"अगं, हा तर माझाच!" मावशी म्हणाली. "आणि तू उठलीस कशी?"

"परतफेडीला कुणी आडवं येत नाही, मावशी."

मावशीनं लाडू उचलून आत ठेवला. रीतीपुढे अस्वलाचंही चालत नाही.

हरबाजीचा वड ओढ्यापलीकडे. चूर्ण पळसाच्या पानात पुडी बांधून न्यावं लागे. जाता-येता ओढा लागे. तहान लागलेली असे. पाणी पोटात गेलं. वाटेवर कोवळा पाला होता, तो गेला. कुळथाच्या शेंगा गेल्या. आणि एका सकाळी करवंदीच्या जाळीमागे पोट साफ झालं. जंगलात त्या दिवशी सगुणेइतकं सुखी कुणी नव्हतं. सिंहमहाराजसुद्धा नव्हते.

लाडू पुष्कळ होते. खेपाही पुष्कळ झाल्या.

हरबाजीनं वडाला पाटी लावली : 'आमच्या चूर्णानं चालत्या झालेल्या सगुणावहिनी.' शिंपीणबाईनं पाटी वाचली. लगेच पुढे निघाली. तिला दुसऱ्या कुणाला टाके घालायचे होते.

चैत्र लागला. पाणवठा आटला. कळप टेकडीखालून निघाला, तेव्हा सगुणा गुहेच्या दारात होती.

"बघ!" मावशी गहिवरून म्हणाली. "माझ्या लाडवांनी कशी चालायला लागलीस!"

"लाडवांनीच, मावशी," सगुणा म्हणाली.

रिकामा डबा परत करू नये, म्हणून शेवटचा लाडू तिनं डब्यातच ठेवला होता. डबा दारात ठेवला, आणि ती कळपामागे उतरू लागली.

तात्पर्य : आजाऱ्याच्या समाचाराला रिकाम्या हातानं कधी जाऊ नये. परत करायला काहीच नसलं, तर बिचारी चालणार कशी?