किलोला मूठभर

अक्षताचा मेसेज सकाळी सातलाच आला. ‘आई, मसाल्याचं प्रमाण लिहून पाठव. रविवारी मिरची कांडायला डंकावर नंबर लावलाय. फोन नको करूस, ऑफिसात बोलता येत नाही.’

सुलाबाईंनी चष्मा लावून बोट उचललं, तोच सोप्यातनं भाऊसो ओरडले, “लिवू नगंस! समदं वाचत्यात वरनं.”

“वरनं म्हंजे कोन?”

“कंपनीवालं. परवाच आलंय ग्रुपवर. आपलं समदं दिसतं त्यास्नी.”

नवऱ्याच्या बोलण्याने सुलाबाईंना भीती वाटायची, ते राहिलं बाजूला. त्यांना कुतूहलच वाटलं. एकट्या उंब्रजमधनं रोज सकाळी एवढी गुलाबाची फुलं आणि एवढे सुविचार जातात. ते सगळं वाचायला माणूस ठेवला असेल, तर तो जेवतो कधी?

“बाई असंल का बाप्या?” त्यांनी विचारलं.

“कोन?”

“वाचनारा.”

“तुला चेष्टा वाटती!” म्हणून भाऊसो चहाकडे वळले.

चेष्टा नव्हती. सुलाबाईंचा कांदा-लसूण मसाला पाहुण्यांच्या पिशवीतनं पार कराडपर्यंत जायचा. त्यात वेगळं काय पडतं, ते सासूबाईंनी डोळे मिटायच्या आधी फक्त त्यांच्या कानात सांगितलं होतं. घर भाऊसोंच्या नावावर, रान भाऊसोंच्या नावावर. सुलाबाईंच्या एकटीच्या मालकीचं म्हणाल तर तेवढंच. शेजारच्या हरणाबाई बारा वर्षं त्याच्या मागावर होत्या.

“मग बोलून धाडते.”

“ऐकत्यात बी! मोठी मानसं गुपित बोलायच्या आधी नळ सोडत्यात. पान्याच्या आवाजात ऐकनाऱ्याला काय कळत न्हाई.”

आता नळ सोडून उपयोग नव्हता, पाणी साडेसहालाच गेलं होतं. पण आवाजच पाहिजे तर हंबीररावांच्या डंकाची बरोबरी कोण करणार? सुलाबाईंचा मिरची कांडायचा नंबर त्याच दुपारी होता. कंपनीच्या माणसाला ऐकू येणार नाही, पण लेकीला आईचा आवाज कळल्याशिवाय राहायचा नाही, असा त्यांनी हिशेब केला.

दुपारी डंकावर लोखंडी मुसळं धडाधड आदळत होती. मिरचीच्या खकाण्यात पंधरा-सोळा बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. सुलाबाई कोपऱ्यात सरकल्या. कानांवरनं पदर घट्ट आवळला, डोळे मिटले, फोनचं बटण अंगठ्यानं दाबलं आणि आधी एक जोरदार शिंक दिली. मग सगळा जीव एकवटून त्या ओरडल्या, “अक्षे, नीट ऐक! खोबरं निम्मंच घ्यायचं! बाकीचं भाजल्यालं कारळं, किलोला मूठभर! आन् कांदा तळायचा करडईच्या तेलात! कुनाला सांगू नगंस!”

डोळे उघडले तर मुसळं वरच्या वर लटकलेली. वीज गेली होती. कधी? शिंकेच्या वेळीच. डंकाच्या घणघणाटानं बधिरलेल्या कानांना ते कळलंच नव्हतं. पंधरा-सोळा बायका टक लावून बघत होत्या. सुलाबाईंना वाटलं, सासूबाई वरनं बघत असतील तर आता मान वर करायला नको.

शांततेत हरणाबाई बोलल्या. “सुले, खरं आसतं तर एवढं बोंबलून सांगितलं आस्तंस व्हय?”

“म्हंजे?”

“डाव हाय गं बायांनो! कारळं घालायला लावून आपला मसाला कडू करायचा हाय हिला.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. गुपित वाचलं म्हणून सुलाबाईंना हायसं वाटलं, आणि कुणी खरंच मानलं नाही म्हणून रागही आला. बारा वर्षं ही बाई ज्याच्या मागावर, ते ऐन हातात आलं तर म्हणे डाव!

पण ऐकलेलं पोटात ठेवतील तर त्या बायका कसल्या? संध्याकाळपर्यंत कुणीतरी ते एका ग्रुपवर टाकलं. तिथनं दुसरीनं उचललं, मिरची वगळली, तिसरीनं तेल चोळायला लावलं.

संध्याकाळी अक्षताचा मेसेज आला : ‘आई, तू काय पाठवलंस? दोन सेकंदांचं आहे. त्यात नुसती शिंक आहे.’

शिंकेला अंगठा सुटला होता. म्हणजे उभ्या गावाला सांगून झालं, आणि जिला सांगायचं ती तेवढी कोरडी! परत लिहायचं म्हटलं तर भाऊसो समोरच बसलेले. असे तीन दिवस गेले.

शनिवारी सकाळी भाऊसो पायजमा गुडघ्यांवर गुंडाळून स्वयंपाकघरात आले. “अगं, आपल्यात कारळं हाय का? आन् करडईचं तेल?”

सुलाबाईंच्या हातातली उलथणी तशीच राहिली. “कशाला वो?”

“ह्ये वाच. आष्ट्याच्या नव्वद वर्षांच्या वैद्याचा गुप्त उपाय. खोबरं निम्मं, बाकी भाजल्यालं कारळं, किलोला मूठभर, करडईच्या तेलात तळल्याला कांदा, समदं खलून गुडघ्याला लावायचं.”

“किलोला म्हंजे? गुडघा तोलायचा व्हय?”

“त्ये वैद्याला ठावं! चाळीस वर्षं दाबून ठिवलं हुतं म्हनं कंपन्यांनी.”

सुलाबाईंनी तो मेसेज दोनदा वाचला. काही म्हणजे काही सुटलं नव्हतं. सासूबाईंचा शब्दन् शब्द शाबूत होता. त्यांनी मुकाट्यानं कारळ्याचा डबा पुढं सरकवला, भाऊसोंच्या फोनवरनंच तो मेसेज अक्षताला पाठवला आणि खाली दोन ओळी लिहिल्या : ‘वैद्य आनि गुडघा सोडून दे. मिरची घाल.’

भाऊसोंनी तेलकट बोटं वर धरून विचारलं, “कुनाला धाडलंस?”

“अक्षीला.”

“ब्येस केलंस,” गुडघा चोळत ते म्हणाले. “असलं दाबून ठिवू न्हाई मानसानं.”