विसरलेल्या प्रश्नाची उलटतपासणी

"आई, भुवई! डावी भुवई खाली!" लेकीने टेबलावर चमचा आपटला.

वकीलबाईंनी भुवई खाली घेतली. उद्या त्यांची पहिलीच स्वतंत्र उलटतपासणी होती. "ही घालवलीत, तर परत तारखा लिहायला बसायचं," असं मोठ्या वकिलांनी बजावलं होतं. आणि शाळेतून वादविवादाची ढाल आणल्यापासून लेक घरात दिसेल त्याला शिकवत सुटली होती. तिने फ्रिजला न्यायाधीश नेमलं आणि बाबांना साक्षीदार म्हणून स्टुलावर उभं केलं.

"पेन टकटकवायचं नाही. ताठ उभं राहायचं. प्रश्नाआधी थांबायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि हळूच मान हलवायची. जणू तुला सगळं ठाऊक आहे!"

वकीलबाई थांबल्या, त्यांनी बघितलं, मान हलवली.

"बरं बाई, कुंडी मीच फोडली," स्टुलावरून बाबा म्हणाले. "मांजरीवर उगाच आळ घेतला."

"बघ! आणि हातात कागद म्हणजे घाबरट वकील." असं म्हणून लेकीने प्रश्नांचा कागदच काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात कोटवाले गृहस्थ उभे होते. आपला भारी कोट लॉन्ड्रीत इस्त्रीखाली जळला, असा त्यांचा दावा. वकीलबाईंचे अशील, म्हणजे लॉन्ड्रीवाले काका, मागच्या बाकावर रुमाल पिळत होते. हरले तर दुकानाला टाळंच.

वकीलबाई ताठ उभ्या राहिल्या. कोटवाल्यांच्या डोळ्यांत त्यांनी रोखून बघितलं, आणि डोकं पुसलेल्या फळ्यासारखं कोरं! पहिला प्रश्न काय होता? काही केल्या आठवेना. तालमीत घोटलेलं तेवढं आपोआप झालं. मान हळूच हलली.

एक मिनिट गेलं. पंखा कुरकुरत होता.

"असं काय बघताय बाई?" कोटवाले चुळबुळले.

मान हलली.

"म्हणजे... तुम्हाला हीटरचं कळलं?"

'कसला हीटर?' वकीलबाई मनातल्या मनात किंचाळल्या. बाहेर भुवईसुद्धा हलली नाही.

"मीच वाळत घातला होता हो त्याच्यावर! बायको ओरडेल म्हणून लॉन्ड्रीचं नाव घेतलं!"

"हरकत आहे!" विरुद्ध बाजूचे वकील ताडकन उठले. वकीलबाईंनी दचकून त्यांच्याकडे बघितलं. चेहरा तोच, मान तीच. वकीलसाहेब हळूहळू खाली बसले. "खरं सांगतो, फाइल मी आत्ता जिन्यात उघडली. भांडण कोटाचं आहे हेही इथेच कळलं."

वकीलबाईंची नजर चुकून दारावरच्या शिपायाकडे गेली. "घड्याळ मीच पुढे करतो साहेब," तो पुटपुटला, "जेवणाची सुट्टी लवकर व्हावी म्हणून."

न्यायाधीशांनी घाम पुसला. "ते हीटरचं शब्दन्‌शब्द घेतलंत ना?" त्यांनी टायपिस्टबाईंना विचारलं. वकीलबाईंनीही मोठ्या आशेने तिकडे बघितलं. मान, अर्थातच, हलली.

टायपिस्टबाईंना रडूच फुटलं. "मशीन सकाळपासून बंद आहे, साहेब! तुम्ही चिडाल म्हणून नुसती बोटं आपटत बसलेय!"

"मग मी काही बोललोच नाही!" कोटवाल्यांच्या जिवात जीव आला. "कोट लॉन्ड्रीतच जळला."

काका रडकुंडीला आले. दुसरं मशीन आणून लावलं गेलं आणि नेमका तेव्हाच वकीलबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. "साहेब, माझा प्रश्न असा आहे की..."

"छे छे, प्रश्न राहू द्या!" न्यायाधीश घाईघाईने म्हणाले. "मघासारखं नुसतं बघा त्यांच्याकडे."

वकीलबाईंनी कृतज्ञतेने त्यांच्याकडे बघून मान हलवली.

न्यायाधीशांनी झटकन फाइल चेहऱ्यासमोर धरली. "माझ्याकडे नको, बाई. त्यांच्याकडे!"